ढाळजेतली मिटिंग

पेडगावात माणिकरावांच्या घरावरून कुणी चहा न घेता पुढं गेला, तर एक तर तो घाईत असणार नाहीतर भांडलेला. घराच्या तोंडाशीच ढाळज. म्हणजे दारातून आत शिरलं की लागणारी पुरुषमाणसांची बैठक, वर पत्रे, बाजूनं जाड भिंती, रस्त्याकडं एक मोठी खिडकी. तिथं लाकडी बाज, बाजेवर माणिकराव, आणि माणिकरावांच्या तोंडी ठरलेलं वाक्य, "या की! अर्धा कप घेऊन जा." शेतावर निघालेला, शेतावरून आलेला, स्टेशनाकडं पिशवी घेऊन पळणारा, कुणाला म्हणून सोडलं नाही. बरं, चहा काही हे करत नव्हते. तो आत पार्वतीबाई करत होत्या. मग ह्यांचं काय जात होतं!

माणूस मात्र मनानं साफ. उमेदीत त्यांनी कापूसवेचणीच्या टोळ्या सांभाळल्या होत्या, दूरदूरच्या शेतांवर. त्यामुळं माणसांकडून काम कसं काढावं हे आपल्याला कळतं, आणि जवळजवळ आपल्यालाच कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. शेती पोरानं, महारुद्रनं, हातात घेतली तेव्हापासून टोळी राहिली नाही, पण मुकादमाचा आवाज तेवढा राहिला. त्या आवाजात ते गावाच्या सोयरिकी जुळवत, बांधाची भांडणं मिटवत आणि कधीमधी नवीन लावूनही देत.

महारुद्रचं लग्न झालं तेव्हा सून पुण्यात कंपनीत नोकरीला होती. पुढं कंपन्यांनी माणसं घरून काम करायला मोकळी सोडली आणि सविता लॅपटॉप घेऊन पेडगावला आली, ती इथलीच झाली. घरात इंटरनेटची तार आली. तार ओढणाऱ्यानं विचारलं, "काका, डबा कुठं बसवू?" आता डबा सुनेच्या खोलीत बसवावा हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माणिकरावांनी तो ढाळजेत बसवला, बरोबर आपल्या वडिलांच्या फोटोखाली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसला पाहिजे ना! हिरवे दिवे लुकलुकायचे आणि माणिकराव पाहुण्यांना सांगायचे, "ह्याच्यातून थेट पुणं दिसतं."

भिंती जाड. आतल्या खोल्यांत नेट पोचेना. स्वयंपाकघरात तर मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरत राहायचं. शेवटी सविताचं टेबल ढाळजेच्या कोपऱ्यात आलं, बाजेपासून चार हातांवर. सुनेनं ढाळजेत बसायचं हे गावाला नवीन होतं. दोघातिघांनी भुवया उंचावल्या, पण माणिकरावांनी छातीवर हात ठेवून "कंपनीचं काम हाय, समजलं का?" असं सुनावलं आणि गाव गप्प बसलं. आपण किती पुढारलेले आहोत, याचं त्यांना त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

झालं, पुढारपण तिथंच थांबलं. सासरा समोर असताना सुनेनं आवाज चढवायचा नाही आणि वडीलधारं माणूस दारात आलं की उठून आत जायचं, हे काही कुणी सांगावं लागत नाही. ते अंगातच असतं. सविता तर सासऱ्याशी थेट बोलतही नव्हती, आणि सासराही तिच्याशी थेट बोलत नव्हता. सून चार हातांवर, पार्वतीबाई पार आत गॅसपाशी, आणि हे बाजेवरून ओरडणार, "अगं ए, सुनबाईला विचार, आज मोटारीची लाईट कितीला येणाराय? तिच्या मोबाईलवर कळतं म्हणं!"

पार्वतीबाई आतून म्हणणार, "सविता, मामा विचारायलेत लाईट कितीला येणाराय."

सविता हळूच, "आत्या, मामांना सांगा, बारानंतर येईल."

"बारानंतर येणाराय हो!"

चार हातांवरचा निरोप असा घरभर हिंडून पोचायचा. मधल्यामधी बिचाऱ्या पार्वतीबाईंचं दूध उतू जायचं.

सविता कंपनीत टीम लीड होती. टीम म्हणजे टोळी आणि लीड म्हणजे मुकादम, असं महारुद्रनं वडिलांना उलगडून सांगितलं, आणि माणिकरावांनी कान टवकारले. टोळीही कशी, तर दोन माणसं एका गावाला न्हाईत! दीपेश इंदूरला, प्रियांका नागपूरला, बाकीचे आणखी कुठंकुठं. एकानं दुसऱ्याला समोरासमोर कधी बघितलेलं नाही. सगळे मिळून दवाखान्यांसाठी ॲप बनवत होते, पेशंटनं घरबसल्या नंबर लावायचा आणि वेळेवर जायचं, एवढं साधं. माणिकरावांना कल्पना पसंत पडली. परभणीच्या दवाखान्यांत त्यांनी बाकड्यांवर पुष्कळ दिवस घालवले होते.

पसंत पडली नाही ती सुनेची रीत. सविता स्क्रीनपुढं वाकून, डोक्यावरचा पदर सावरत, कुजबुजल्यासारखी बोलायची. दीपेश म्हणायचा, "हो जाएगा, सविताजी." सविता म्हणायची, "ठीक है." काम काही व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हो जाएगा". माणिकराव बाजेवर नुसते तळमळायचे.

"पोरगी गुणाची हाय," ते चुलतभावाला, मुंजाजीला, सांगायचे, "पण लय मवाळ. मुकादम असा गायीवानी असल्यावर टोळी बांधावर बसून बिड्याच फुंकणार की रं."

मुंजाजी म्हणजे ढाळजेतलं कायमचं गिऱ्हाईक. रोज येणार, रोज तक्रार आणणार. एकदा असाच भर मिटिंगमध्ये आला. दारात त्याचं धोतर दिसताच सवितानं माईक बंद केला, उठली आणि आत गेली. स्क्रीनवर चौकटी-चौकटींत चार-पाच तोंडं तशीच राहिली. त्यातलं एक ओठ हलवून काहीतरी विचारत होतं. मग "सविताजी? सविताजी?" असा बारीक आवाज आला.

मुंजाजी दचकला. "ही माणसं आपल्याकडं बघायलीत का रं?"

"बघू दे की. तू चहा घे."

मुंजाजीनं तरी माणुसकी म्हणून स्क्रीनला हात जोडले. आणि मग बांधावरच्या बाभळीचं गाऱ्हाणं सुरू झालं, ते चांगलं लांबलं. मुंजाजी गेल्यावर सविता परत आली, तोवर चौकटी विझल्या होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोठी मिटिंग आली. त्या दिवशी दवाखान्यांचे मालक असलेले डॉक्टरही स्क्रीनवर बसले होते आणि पुण्याहून सविताच्या वरच्या मॅडम, राजेश्री, त्याही होत्या. डॉक्टरांनी विचारलं, नंबर लावायचं पान अजून का होत नाही? सविता हळू आवाजात दीपेशला म्हणाली, "दीपेश, कब तक होगा?"

"हो जाएगा, सविताजी."

बस! माणिकरावांचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. बाजेवरून उठले, टेबलापाशी आले, स्क्रीनमध्ये तोंड घातलं आणि मुकादमाच्या आवाजात, आपल्या ठेवणीतल्या हिंदीत गरजले, "कायकू हो जाएगा, हो जाएगा लगाया रे? कब होएंगा वो बोल! दिन बोल, दिन!"

माईक चालू होता. पुण्यात, इंदुरात, नागपुरात, सगळीकडं ऐकू गेलं. सविताचा चेहरा पांढराफटक.

पहिला बोलला दीपेशच, घाबरून. "अंकल, मैं तो प्रियांका की फाइल के लिए रुका हूँ."

"माझ्या फाईलसाठी?" नागपूरची प्रियांका म्हणाली. "मी तर तो कधी मागते याची वाट पाहून राहिली! मला कुणी बोललंच नाही."

"मैंने सविताजी को बोला था ना, उस दिन मिटिंग में. प्रियांका छुट्टी पर थी."

"कब?" सवितानं विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं. त्या दिवशी, त्या वेळी, ती खुर्चीत नव्हती. दारात मुंजाजीचं धोतर दिसलं होतं.

डॉक्टरांनी घसा खाकरला. राजेश्री मॅडमनी "आपण नंतर बोलू" म्हणून मिटिंग आटोपली. माणिकराव मात्र बाजेवर जाऊन ऐटीत बसले. काढलं की नाही खरं बाहेर? एका दमात! पार्वतीबाईंना हाक मारून त्यांनी अर्धा कप जास्तीचा मागितला.

ती ऐट संध्याकाळपर्यंत टिकली. जेवायला बसल्यावर महारुद्र भाकरीचा तुकडा नुसता फिरवत राहिला.

"बाबा, सविताच्या मॅडमचा फोन आला होता. महिनाअखेरीला ॲप चालू करायचंय. तोवर गाडी रुळावर आली तर ठीक. न्हाईतर लीडचं काम पुण्याच्या माणसाकडं जाणार आन सविताला पुण्याच्या ऑफिसात बोलावणार."

"असं कसं बोलावणार?"

"म्हणल्या, तू मिटिंगमध्ये बोलत न्हाईस, मधीच गायब होतीस, आन तुझ्याऐवजी घरातलंच दुसरं कोणीतरी ओरडतंय. घरून काम तुला जमना, असं दिसायलंय."

माणिकरावांनी "दुसरं कोणीतरी" ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "आन ती पुण्याला गेली तर तू?"

"मी एकटा इथं राहून काय करू? शेत बटईनं लावू."

"आन आमी?"

महारुद्र खाली मान घालून जेवू लागला. एवढी मोठी ढाळज, आणि आत नुसता डब्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय, असं माणिकरावांच्या डोळ्यांपुढं आलं. नाही नाही, हे काही खरं नाही. पोर जाता कामा नये!

मग त्यांनी त्यांच्या परीनं उपाय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू, "अगं ए, सुनबाईला म्हणावं, जरा आवाज काढत जा. टोळीला मुकादमाचा वचक पाहिजे!"

"सविता, मामा म्हणायलेत, आवाज काढत जा."

"बरं म्हणावं, आत्या," सविता म्हणाली. इतक्या हळू, की ते बाजेपर्यंत आलंच नाही.

त्याच आठवड्यात सविताचे वडील, दत्तराव, जिंतूरकडून एसटीनं आले. हातात तुरीच्या शेंगांची भली मोठी पिशवी. व्याही-व्याही बाजेवर बसले, शेंगा सोलता सोलता पिकापाण्याचं झालं, आणि माणिकरावांनी हळूच विषय काढला.

"व्याही, राग धरू नका. तुमची लेक लाखात एक हाय. पण स्वभावानं लय मवाळ निघाली. कंपनीच्या कामाला जरा तोंड लागतं हो."

दत्तराव बघतच राहिले. मग इतक्या जोरात हसले की शेंगा सांडल्या.

"कोण मवाळ? सवी? अहो, आमच्या शेतातल्या आखाड्यावरून हिनं हाळी दिली तर वेशीतली कुत्री उठून बसायची! कॉलेजला जायची तवा काळीपिवळीवाला पोरींना टपावर बसा म्हणायचा. एक दिवस गाडीच्या पुढं उभी राहिली. म्हणाली, पोरी आत बसतील, तुझे मित्र टपावर बसतील, न्हाईतर गाडी हालत न्हाई. अन् त्याच्या मित्रांना टपावर चढवलं! मवाळ म्हणता?"

"मग इथं कसं काय..." माणिकराव अडखळले.

"इथं कशी बोलंल?" दत्तराव सहज म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात लेकीचा अभिमानच होता. "तुमी बसलेले असता ना. सासऱ्यापुढं आवाज चढवायचा न्हाई, एवढं वळण आमी लावलंय बघा. खुशाल विचारा तिला, चढवला का कधी?"

न्हाई. कधीच न्हाई. माणिकरावांना शेंग सोलता येईना. चांगल्या घरची पोरगी म्हणून जिची तारीफ ते गावभर करत हिंडले, तिच्यावर तेवढ्यापायीच नोकरीतून उठायची वेळ आली होती.

तेवढ्यात दारात मुंजाजी आला. सविता प्रियांकाला काहीतरी समजावून सांगत होती. ती अर्ध्या वाक्यातच थांबली, माईक बंद केला, पदर सावरला, उठली. "मॅडम, पुढं?" प्रियांका म्हणत होती. "मॅडम, आहे का तुम्ही?" रिकाम्या खुर्चीला विचारत होती. हे माणिकरावांनी आजवर किती वेळा बघितलं असेल, पण दिसलं ते आज.

पाहुणे गेल्यावर ते आत जाऊन पार्वतीबाईंपाशी उभे राहिले.

"तुला माहीत होतं?"

"घरातल्या कोंबडीला माहीत हाय," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुमी तिथून हालल्याबिगर तिचा आवाज निघायचा न्हाई."

"मग सांगितलं का न्हाई?"

"कुणी सांगावं? ती तुमच्यापुढं बोलत न्हाई आन मी बोललेलं तुमी ऐकत न्हाई. डबा तिच्या खोलीत बसवा म्हणलं होतं मी. म्हणलं होतं का न्हाई?"

म्हणलं होतं. माणिकराव बाहेर आले.

सकाळी महारुद्र दात घासत असतानाच त्यांनी बाजेचं एक टोक धरलं. "धर तिकडून."

"कुठं न्यायची?"

"लिंबाखाली."

लिंब म्हणजे दारासमोर रस्त्याच्या कडेला असलेलं कडुलिंबाचं झाड. थंडीचे दिवस, वारा नुसता बोचत होता. बाज लिंबाखाली गेली. पार्वतीबाई कमरेवर हात ठेवून बघायला आल्या, सविता त्यांच्या मागं दारात उभी राहिली. माणिकरावांनी कानाला उपरणं गुंडाळलं, बाजेवर बसले आणि सवयीनं हाक दिली, "अगं ए, सुनबाईला सांग..."

"मी काय पोस्टमन हाय का?" पार्वतीबाई कडाडल्या. "ती काय समोर उभी हाय. तुमाला तोंड हाय, तिला कान हायत. माझं दूध रोज उतू चाललंय!"

आली का पंचाईत! माणिकरावांनी लिंबाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, महारुद्रकडं बघितलं. कुणी मदतीला येईना. अख्ख्या गावाला तोंड देणारा माणूस, पण चार शब्द बोलायला घाम फुटला.

"सविता," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून त्यांनी सुनेला नावानं हाक मारली नव्हती. सविताही दचकली.

"आजपासून ढाळज तुझी. मिटिंग चालू असताना कुणी आलं तरी उठायचं न्हाई. मुंजाजी येऊ दे न्हाईतर कलेक्टर येऊ दे. मी आलो तरी उठायचं न्हाई. मी येणारच न्हाई म्हणा."

सविताचे डोळे भरून आले. पार्वतीबाईंकडं तोंड वळवायची सवय, पण पार्वतीबाई हटकून पाठ फिरवून उभ्या. मग ती थेटच बोलली. "मामा, लोक काय म्हणतील?"

"लोकांना चहा हितं मिळंल. चहा मिळाला की लोक काय म्हणत न्हाईत."

आणि खरंच, चहा मिळाला तसं कुणी फारसं काही म्हणलं नाही. मुंजाजी तेवढा दोन दिवस "सुनंनं सासरा घराबाहेर काढला" असं सांगत फिरला. माणिकरावांनी त्याला लिंबाखाली बसवून खास दुधाचा चहा पाजला, तेव्हा तो "हवा चांगली हाय हितं" म्हणू लागला.

बाज खिडकीच्या अगदी समोर होती, त्यामुळं ऐकू सगळं येत होतंच. कान काय कुणी घरी ठेवून जातं का? सवितानं रीतच बदलून टाकली होती. "काम झालं का?" हे विचारणंच बंद. सकाळी एकेकानं एवढंच सांगायचं, की आज मी कुणासाठी अडलोय आणि माझ्यामुळं कोण अडलंय. मग तिथल्या तिथं ती म्हणायची, "दीपेश, मला मध्ये घालू नको. प्रियांका समोर आहे, तिला थेट माग. मी ऐकतेय." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माणिकराव बाजेवर सरळ होऊन बसले आणि ओरडले, "अगं, ऐकलंस का! तुझं पोस्टमनचं बोलणं ती तिकडं लावायलीय!" आणि मग लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

शिवाय आठवड्यातून एकदा ती प्रत्येकाला वेगळा फोन लावायची. त्यात कामाचं काही नसायचं. जेवलास का, घरी कसंय, असलंच. एक दिवस तिनं चहा ठेवता ठेवता माणिकरावांना सांगितलं. हो, आता अधूनमधून थेट सांगायची. "मामा, दीपेशचं घर एका खोलीचं आहे. तान्ही मुलगी तिथंच झोपलेली असते, म्हणून तो मोठ्यानं बोलत नाही, नुसतं हो जाएगा म्हणतो. मी त्याला सांगितलं, लिहून पाठव, बोलायची गरज नाही."

माणिकरावांना एकदम कानकोंडं झालं. त्या तान्ह्या पोरीच्या बापावर आपण गरजलो होतो. "त्याला म्हणावं, अंकलचं काही मनावर घेऊ नको," ते म्हणाले, आणि मग थांबून, "न्हाई, राहू दे. मीच म्हणतो. फोन लावून दे." आणि खरंच बोलले, आपल्या त्या हिंदीत. पलीकडं दीपेश हसत सुटला आणि त्यांना इंदूरला जेवायचं आवतण देऊन बसला.

गाडी रुळावर यायला लागली. एकच गोष्ट येत नव्हती. सविताचा आवाज. सासरा खिडकीसमोर आहे हे तिला ठाऊक होतं. पदर डोक्यावरून हलत नव्हता, शब्द ओठांच्या पुढं जात नव्हता. कामं नीट होत होती, पण डॉक्टर काही बोलले की ती "हो, हो" म्हणून गप्प व्हायची. राजेश्री मॅडमनी फोनवर सविताला बोलून दाखवलं होतं, की काम सुधारलं, मान्य, पण शेवटच्या दिवशी डॉक्टरांपुढं तुला ठाम उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर माझ्याही हातात काही नाही. माणिकराव बाज आणखी पलीकडं न्यायला तयार होते, पण पलीकडं उकिरडा होता.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळपासून माणिकराव लिंबाखाली राखण करत होते. येणाऱ्याला लांबूनच हातानं थोपवायचे, कप हातात द्यायचे, बोटानं खूण करून पुढं काढायचे. गाव पहिल्यांदाच त्यांच्या दारातून मुक्यानं जात होतं. आत मिटिंग रंगात आलेली. डॉक्टर काहीतरी नवीनच मागत होते, आजच पाहिजे म्हणत होते. सविता हळू आवाजात काहीबाही सांगत होती आणि ते तिचं ऐकून घेत नव्हते.

आणि नेमका त्या वेळी मुंजाजी आला! धोतराचा सोगा हातात, तोंडाचा पट्टा चालू.

"माणक्या, बाभळ तोडली! बांधावरची बाभळ तोडली त्यानं! मी म्हणलंच होतं का न्हाई!"

"हळू बोल," माणिकराव दबक्या आवाजात म्हणाले.

"का हळू बोलू? माझी बाभळ तोडली आन मी हळू बोलू?"

"मिटिंग चालू हाय रं बाबा!"

"मिटिंग गेली खड्ड्यात!"

"मुंजाजी, हळू बोल म्हणलं ना!" माणिकराव गरजले. मुकादमाचाच आवाज तो.

"तूच वरडायलास की!"

"मी वरडत न्हाई! मी तुला हळू बोल म्हणायलोय!"

"मामा!"

ढाळजेतून आवाज आला. असा आला की लिंबावरचे कावळे उडाले आणि रस्त्यानं जाणारी बाई डोक्यावरचा भारा धरून जागीच थांबली.

"मामा, काका, दोघंही गप्प बसा! इथं मिटिंग चालू आहे! तुमची बाभळ पार इंदूरपर्यंत ऐकू जायलीय!"

मग त्याच दमात, त्याच आवाजात, खिडकीकडून तोंड स्क्रीनकडं वळलं असावं, "आणि डॉक्टरसाहेब, आज नवीन काही बसणार नाही. ठरलं तेवढंच आज चालू होईल, आणि नीट चालेल. तुमचं नवीन काम पुढच्या महिन्यात. माझ्या माणसांना मी आज पळवणार नाही."

मुंजाजीचं तोंड उघडं ते उघडंच. "माणक्या," तो म्हणाला, "सून वरडली तुझ्यावर!"

पार्वतीबाई सोडल्या, तर माणिकरावांवर त्यांचे वडील गेल्यापासून कुणी ओरडलं नव्हतं. ते लिंबाला टेकून उभे राहिले. आणि मग त्यांना हसूच यायला लागलं, आवरेना. "ऐकलास का आवाज?" ते म्हणाले. "एवढी वर्षं घरात हाय, मुंजाजी, आन मी आज ऐकला. कसला आवाज हाय पोरीचा! ऐकलास?"

आत डॉक्टर "बरं, बरं, पुढच्या महिन्यात" असं म्हणताना ऐकू आलं. मग राजेश्री मॅडम मोठ्यानं हसल्या. "सविता, हा आवाज इतके दिवस कुठं लपवून ठेवला होतास?" पुण्याला जायची गोष्ट त्यानंतर त्या घरात कुणी काढली नाही.

सविता मात्र खिडकीत आली होती. पदर खांद्यावर, चेहरा घाबराघुबरा, आपण काय करून बसलो ते आत्ता कळल्यासारखा. "मामा, चुकलं माझं..."

माणिकरावांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं तिला आत जा, आत जा, अशी खूण केली. मग मुंजाजीचा हात धरून त्याला बाजेवर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन अगदी बारीक आवाजात विचारलं, "हं, सांग आता. कोणी तोडली बाभळ?"

मुंजाजीनं ढाळजेकडं भीतभीत बघितलं आणि तोही कुजबुजला.

पेडगावात बांधाचं भांडण कुजबुजत झालं ते त्या दिवशी पहिल्यांदाच. माणिकरावांचं अर्धं लक्ष त्याच्याकडं होतं. एक कान ढाळजेकडं होता, तिथं सून मोठ्यानं बोलत होती.